मुळ्याच्या दातांचं भूत

रुद्रेश मास्तर चहा पिऊन गेला त्या दुपारपासून सटवा मापाड्याचा पाय एका जागी ठरेना. ओसरीवर टेकायचा, लगेच उठायचा, चपला पायात सरकवून गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा आणि काही काम नसल्यासारखा परत यायचा. त्याची बायको अंजना तूर निवडत बसली होती. तिसऱ्या फेरीला तिनं सूप खाली ठेवलं.

"आवं, अंगात मुंग्या भरल्यात का तुमच्या? पोरगं एवढं प्रेमानं बोलवून गेलं. जाऊन दोन घंटे बसून यायचं."

"तुला काय मालूम हाय त्यातलं," सटवा म्हणाला आणि पुन्हा गल्लीत गेला.

एकसष्ट वर्षांचा माणूस. सहा फुटांच्या वर दोन बोटं उंच, अंगानं चिपाड, गालफडं आत गेलेली, डोळे खोल. माजलगावच्या मोंढ्यात त्यानं तीस वर्षं काट्यावर धान्य तोललं, पण गावातली जुनी माणसं त्याला मापाडी म्हणून ओळखत नव्हती. त्यांच्या लेखी तो आप्पारावांच्या टॉकीजमधलं भूत होता.

ती गोष्ट सदतीस वर्षांपूर्वीची. सटवा तेव्हा टॉकीजमध्ये दारावर असायचा. तिकिटं फाडायची, उशिरा आलेल्यांना बॅटरी दाखवून जागा दाखवायची, खेळ सुरू झाला की दारं लावायची. टॉकीजचे मालक आप्पाराव डोकेबाज होते. त्यांनी एक परदेशी पिक्चर आणला होता, हिंदीत बोलणारा. डोंगरावरचा किल्ला, काळ्या झग्यातला उंच सरदार, दिवसा पेटीत झोपणारा आणि दिवस मावळला की माणसाचं रक्त पिणारा. लोक त्याला वटवाघळाचा पिक्चर म्हणायचे. पहिले चार दिवस खुर्च्या रिकाम्या राहिल्या. पाचव्या दिवशी आप्पारावांनी सटवाला समोर उभा केला आणि वरपासून खालपर्यंत न्याहाळला.

"सटवा, तुला देवानं उगंच एवढा लांबडा केलेला न्हाई बे."

छत्रीच्या काळ्या कापडाचा झगा शिवून आला. दात मुळ्याचे कोरायचे, रोज ताजे, कारण दुसऱ्या दिवशी ते सुकून वाकडे व्हायचे. रक्तासाठी काही वेगळं लागलं नाही. सटवा पान खायचाच. पिक्चरमध्ये पेटीचं झाकण हलायला लागलं की ऑपरेटर आवाज वाढवायचा, दारावरचे दिवे मालवायचे आणि पडद्यामागच्या छोट्या दारातून सटवा बाहेर यायचा, हनुवटीखाली बॅटरी धरून. पुरुषांच्या बाजूनं एक चक्कर मारायचा आणि गडप व्हायचा. बस्स, एवढंच काम.

पण त्या एवढ्याशा कामानं गाव वेडं झालं. नेकनूरपासून जीपा भरून लोक येऊ लागले. "भूत खरंच हाय का?" असं तिकिटाच्या खिडकीत विचारायचे. सटवा रस्त्यानं चालला की मागून कोणीतरी हाळी द्यायचं, पानवाला मानानं पान लावून द्यायचा. चोवीस वर्षांच्या त्या माणसाला जन्मात पहिल्यांदा कोणीतरी वळून बघत होतं. पिक्चर मात्र त्यानं कधी समोरून पाहिलाच नाही. आपली वेळ येईपर्यंत तो पडद्यामागं उभा असायचा. पडद्याच्या बारीक भोकांतून उजेड झिरपायचा आणि सगळं उलटं दिसायचं. सरदार उजवीकडून यायचा तो डावीकडून, आणि अंगठी भलत्याच हातात. खरं सांगायचं तर तिथं एकट्याला त्याची लई टरकायची. म्हणून तो पडद्याकडं पाठ करून उभा राहायचा.

टॉकीजमधल्या भुताची ही गोष्ट रुद्रेशला ठाऊक होती. पंचविशीतला पोरगा, कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचा. त्या दुपारी तो उत्साहानं सांगत होता, "काका, टॉकीज बारा वर्षं बंद हाय. आत सोयाबीनचे कट्टे हायत, ते हालवायला आप्पारावांचा नातू तयार झालाय. पडदा शाबूत हाय. मशीन आमी आणायलोत. पंधरा दिवसांनी, रविवारी दुपारी बारा वाजता तोच पिक्चर लावायचा. पोरं मोबाईलवर बघतेत हो असले पिक्चर, पण एवढ्याशा भुताला कोण भेणार? भूत आपल्यापेक्षा मोठं पायजे. आन् झगा मी शिवून देतो, तुमी तो घालून यायचं."

सटवा नको नको म्हणत राहिला. उठता उठता रुद्रेश म्हणाला, "आई तर म्हणली, तेंना आणल्याबिगर घरी येऊ नको. लहानपणापासून ऐकायलो मी, भुतानं तिला कसं उचलून दवाखान्यात नेलं ते."

"तुजी आई कोण बाबा?"

"वर्षाराणी. सोमलिंगशेटच्या कापड दुकानातली."

सटवाच्या हातातला कप बशीवर वाजला. रुद्रेशच्या ते ध्यानात आलं नाही.

त्या रात्री, आणि पुढच्या कितीतरी रात्री, सटवाच्या डोळ्याला डोळा लागला नाही. कारण वर्षाराणीनं पोराला सांगितलेली गोष्ट अर्धीच खरी होती, आणि उरलेली अर्धी फक्त सटवाला माहीत होती. आप्पारावांनाही माहीत होती, पण ते वारून वीस वर्षं झाली होती.

झालं होतं ते असं. खेळाचा तिसरा आठवडा, दुपारचा शो, बायकांची गर्दी जास्त. आप्पारावांनी बजावलं होतं की बायकांच्या बाजूला जायचं नाही. पण सटवाच्या अंगात वारं भरलं होतं. दोन दिवस आधी तो त्या बाजूला नुसता वळला, तर बाया दार ढकलून बाहेर पळाल्या, त्याची चक्कर अर्धीच राहिली, आणि ते त्याच्या मनाला लागलं होतं. त्या दुपारी पेटीचा प्रसंग यायच्या आधी तो बाहेरून गेला आणि बायकांच्या दाराला त्यानं बाहेरून कडी घातली. आज पळू द्यायचं नाही, पुरी चक्कर मारायची, एवढाच विचार.

तो निघाला. बॅटरी पेटली. एक किंकाळी उठली आणि तिच्या मागं साऱ्या किंकाळ्या. बाया दाराकडं धावल्या, दार उघडेना, मागच्या पुढच्यांवर आदळल्या. कोणीतरी ओरडलं, "पोरगी! पोरगी खाली हाय!" तेव्हा सटवाला कडी आठवली. तो उलटा पळाला, पडद्यामागून बाहेर, इमारतीला वळसा घालून दारापाशी. कडी निघता निघेना. दार उघडलं तशा बाया त्याच्या अंगावरून बाहेर सांडल्या आणि उंबऱ्याशी पिवळ्या फ्रॉकातली अकरा वर्षांची पोर पडलेली दिसली. पाय भलत्याच बाजूला वळलेला. त्यानं तिला उचललं. तिनं डोळे उघडून ते पानानं लाल झालेलं, दातांचं तोंड पाहिलं आणि पुन्हा मिटले.

भर बाजारातून तो तिला घेऊन धावला. झगा मागं उडत होता. बैल बुजले, लोक दुकानांत शिरले. दवाखान्याच्या पायरीवर पोचल्यावर त्याला कळलं की मुळ्याचे दात अजून तोंडातच आहेत.

पाय दोन ठिकाणी मोडला होता. जुळला, पण दोन बोटं आखूड राहिला. दार फुगून अडकलं, भुतानं जोर लावून उघडलं आणि पोर वाचवली, असं गावात पसरलं. आप्पारावांनी सटवाला गुदामात नेऊन सांगितलं, "कडीचं नाव काढायचं न्हाई. माझी टॉकीज बंद पडंल आन् तू जेलात जाशील." झगा जाळला. सटवानं दोन महिन्यांनी दारावरचं काम सोडलं आणि मोंढ्याची वाट धरली. सोमलिंगशेटच्या दुकानावरून जायचं टाळण्यासाठी सदतीस वर्षं त्यानं एक गल्ली लांबून ये-जा केली.

अंजनाशी लग्न झालं ते त्यानंतर. ती नेकनूरची. तिच्या बापानं स्थळाची चौकशी केली तेव्हा कोणीतरी म्हणालं, "पोरगा चांगला हाय, आधी भूत व्हता." तिलाही सटवानं कधी काही सांगितलं नव्हतं. आता दहा दिवस त्याची ही उठबस बघून ती बेजार झाली आणि एका सकाळी भाकरी पुढ्यात ठेवून म्हणाली, "एक तर बोला, न्हाई तर जेवा. दोनीपैकी काईतरी करा."

त्यानं सांगितलं. तिनं तव्यावरची दुसरी भाकरी उलटली.

"आता उकरून काय मिळणार हाय?" ती म्हणाली. "तिला तुमी देव वाटायलाव. तिच्या मनातलं का मोडायलाव?"

"तेच तर सोसना गेलंय," सटवा म्हणाला. "शिव्या दिल्या असत्या तर गप बसलो असतो."

शुक्रवारी तो त्या गल्लीत गेला. दुकानात वर्षाराणी गादीवर बसून एका बाईला लुगडी दाखवत होती. अठ्ठेचाळीस वर्षांची, कपाळावर विभूती, बोलणं खणखणीत. पायामुळं तिची चार स्थळं मोडली होती. शेवटी केजचा एक गरीब घरचा मुलगा घरजावई म्हणून आला, आणि दुकान तिनं स्वतःच सांभाळलं. सटवाला बघून ती हरखली.

"या मामा! अगं, हेच ते बघ," ती गिऱ्हाइकाला म्हणाली. "दार अडकलतं. हेंनी एकट्यानं उघडलं आन् मला पोटाशी धरून दवाखान्यापस्तोर पळाले. हे नसते तर मी चिरडून मेले असते."

ती बाई कौतुकानं बघत राहिली. सटवा उंबऱ्यात उभा. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. बाई लुगडं घेऊन गेली तेव्हा तो पुढं झाला.

"ताई, दार अडकलं नव्हतं. कडी व्हती."

"काय?"

"बाहेरून कडी व्हती. मी घातलती. तुमी बाया पळू नये म्हणून. माजी चक्कर पुरी व्हावी म्हणून."

वर्षाराणीच्या हातात एक लुगडं अर्धं घडी केलेलं होतं. तिनं ती घडी पूर्ण केली, वर दुसरी घडी ठेवली, तिसरी ठेवली. मग म्हणाली, "परत सांगा."

त्यानं परत सांगितलं.

"आण्णांना माहीत हाय हे?" आण्णा म्हणजे तिचे वडील, सोमलिंगशेट.

"न्हाई."

"तुमी जा आता."

तिनं मामा म्हटलं नाही, ते सटवाच्या ध्यानात आलं. तो गेला. शनिवारी दिवसभर तो कालव्याच्या कडेकडेनं चालत राहिला, उन्हातान्हात, दोनदा गाव ओलांडून.

रविवारी अंजनानं विचारलं, "झगा?"

"न्हाई घालणार. पण जातो. पोरगं बोलवून गेलंय."

टॉकीजमध्ये सोयाबीनचा वास अजून होता. दोनशेक लोक जमले होते. कॉलेजची पोरं-पोरी, काही जुनी म्हातारी माणसं, दोन-तीन घरंच्या घरं. रुद्रेशनं खिडक्यांना काळा कागद लावला होता. झगा न घालता आलेल्या सटवाला बघून तो हिरमुसला. आईनं घरी काही सांगितलं असेल का, हे त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं. सटवा सरळ बायकांच्या बाजूच्या दाराशी जाऊन उभा राहिला आणि त्यानं दार सताड उघडं धरलं.

खेळ सुरू व्हायच्या आधी वर्षाराणी आली. पाय ओढत, कोणाचा हात न धरता. दाराजवळच्या शेवटच्या रांगेत बसली. सटवाकडं तिनं पाहिलं नाही.

पिक्चर सुरू झाला. उघड्या दारातून दुपारचं ऊन आत येऊन पडद्याच्या कोपऱ्यावर पसरलं. किल्ला अर्धा धुऊन गेल्यासारखा दिसायला लागला.

"ए, दार लाव बे!" पोरं ओरडली.

रुद्रेश वाकून जवळ आला. "काका, काईच दिसंना. लावू ना?"

"ऱ्हाऊ दे," सटवा म्हणाला. दार त्यानं दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

"काका, अख्खा पिक्चर बुडायलाय—"

"लोटून घ्या," मागून वर्षाराणीचा आवाज आला. मान न वळवता. "लोक पिक्चर बघायला आलेत."

सटवानं दार लोटलं आणि त्याला पाठ टेकवून आत उभा राहिला. मग पहिल्यांदाच त्यानं समोर पाहिलं. सरदार पायऱ्या उतरून येत होता, भिंतीएवढा उंच, आणि येत होता तो बरोबर बाजूनं. त्याची अंगठी डाव्या हातात होती. तोंड इतकं मोठं दिसत होतं की पापणीची फडफड कळत होती. सटवाला वाटलं होतं की पुढून बघितल्यावर भीती जाईल. गेली नाही. पेटीचं झाकण हलायला लागलं तेव्हा पुढच्या पोरी किंचाळल्या आणि लगेच हसल्या. सटवाची नजर पडद्यावरून सुटून शेवटच्या रांगेकडं गेली. वर्षाराणी हसत नव्हती. पदराचा बोळा करून मुठीत धरला होता आणि ती पडद्याकडं नाही, पडद्याच्या बाजूच्या त्या छोट्या दाराकडं बघत होती. तिथून कोणी आलं नाही. हळूहळू तिची मूठ सैल झाली आणि ती पडद्याकडं वळली.

पिक्चर संपला. लोक डोळे चोळत बाहेर पडले. ती सगळ्यात शेवटी उठली आणि सटवासमोर उभी राहिली.

"उद्या सकाळी दुकानात या. मला सांगितलं ते आण्णांना सांगा. आई मरेपस्तोर तेंना बोल लावत राहिली. तेंनीच मला पिक्चरला जायला हो म्हणलं होतं म्हणून. आण्णा एक शब्द उलटून बोलले न्हाईत. तेंनाबी वाटायचं, आपलीच चूक."

सटवानं मान हलवली. हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. आपल्या कडीत एक पोर सापडली एवढंच तो धरून बसला होता. त्या कडीत आणखी एक माणूस सापडला होता, दुकानाच्या गादीवर बसलेला.

सोमवारी अंजनाही त्याच्याबरोबर निघाली. "एकट्यानं नका जाऊ," एवढंच म्हणाली. सोमलिंगशेट दुकानाच्या पुढच्या बाजूला खुर्चीत बसले होते. ऐंशीच्या पुढचं वय, गळ्यात इष्टलिंग, नजर चांगली, पण कानानं ठार. मागं गादीवर वर्षाराणी आणि रुद्रेश.

सटवा वाकून हलक्या आवाजात बोलला. शेटनी हात कानामागं धरला. "मोठ्यानं!"

तो थोडा मोठ्यानं बोलला.

"काय म्हणतो? कडबा?"

"कडी!" सटवा ओरडला. "शेट, कडी! टॉकीजच्या दाराला बाहेरून कडी मी घातलती! मी! वर्षाताईचा पाय माज्यामुळं मोडला! तुमची काई चूक नव्हती!"

गल्ली थांबली. समोरचा भांड्यांवाला दारात आला, भाजीवाल्यानं गाडा तिथंच उभा केला. अंजनानं पदर तोंडाला लावला, पण ती हलली नाही.

सोमलिंगशेटनी हात पुढं करून सटवाचं मनगट धरलं. म्हातारा पंजा, पण गच्च. सटवाला वाटलं आता मारणार, आणि त्यानं मार खायची तयारी केली. पण ते नुसतेच धरून बसले.

"कडी," ते शेवटी म्हणाले. "एवढुशी कडी."

"व्हय."

"वर्षाची आई मल्लम्मा असताना यायला पायजे व्हतास. तिला सांगायला पायजे व्हतं. तिला." त्यांनी मनगट सोडलं आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. वर्षाराणी उठून आली आणि वडिलांच्या खुर्चीमागं उभी राहिली.

थोड्या वेळानं शेटनी मान वर केली. "रुद्रेश! तो पिक्चर परत लाव. सदतीस वर्षं त्याच्यापायी बोलणी खाल्ली. हाय तरी कसा, एकदा बघू दे मला."

गावात महिनाभर चर्चा झाली. मोंढ्यात काहींनी सटवाशी बोलणं टाकलं, काही म्हणाले एवढ्या वर्षांनी कोण सांगतंय, मानलं बुवा. वर्षाराणीनं माफ केलं असं कधी म्हटलं नाही. आता ती त्याला सटवाराव म्हणते, मामा नाही, आणि तो ते बरोबरच आहे असं समजतो. झोप थोडी लागते. रोज नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी रुद्रेशनं पुन्हा खेळ लावला. सोमलिंगशेटना रिक्षातून आणलं. त्यांना ऐकू येत नव्हतं म्हणून कोणीतरी शेजारी बसून सांगायला हवं होतं. पडद्यामागून ऐकून ऐकून सटवाला तो जेवढा पाठ होता तेवढा कोणालाच नव्हता. तेव्हा तो त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, सगळ्या टॉकीजला ऐकू जाईल अशा आवाजात, सरदार कोण, किल्ला कुठला, ती बाई कोणाची कोण, हे सांगत बसला. पुढच्या रांगेतली पोरं वैतागून मागं बघायची. वर्षाराणीनं दोघांच्या मध्ये हात घालून शेंगदाण्याचा पुडा ठेवला.

"तो पेटीत कशापायी झोपतो?" शेट ओरडले. "घर न्हाई का त्याला?"

"हाय की, शेट," सटवा ओरडला. "एवढा किल्ला हाय. पर झोप लागत न्हाई तेला."